बदलत्या दीर्घिकेच्या क्ष-किरण निरीक्षणासाठी एक्सएमएम-न्यूटनवर वेळ कसा मागावा: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

युरोपीय अवकाश संस्थेची (ईसा) एक्सएमएम-न्यूटन ही क्ष-किरण दुर्बीण १० डिसेंबर १९९९ पासून अवकाशात आहे. तिच्यावर वेळ मागायला देशाची अट नाही. पुण्या-कोल्हापुरातल्या विद्यापीठातला संशोधकही माद्रिदमधल्या संशोधकाइतक्याच हक्कानं अर्ज करू शकतो. अर्जाला शुल्क नाही, निवड झाली तरी ईसाकडून अनुदानही मिळत नाही. निवड फक्त विज्ञानाच्या गुणवत्तेवर होते.

प्रस्तावांचं आवाहन वर्षातून एकदा, साधारण ऑगस्टमध्ये निघतं. मुदत ऑक्टोबरमध्ये संपते, निकाल डिसेंबरच्या सुमारास लागतो आणि निरीक्षणं पुढच्या मे महिन्यापासून सुरू होतात. नेमक्या तारखा त्या त्या वर्षीच्या आवाहनातच पाहाव्यात.

अर्जात दीर्घिकेचे आकाशातले निर्देशांक, किलोसेकंदांत (म्हणजे हजार सेकंदांच्या मापात) हवा असलेला वेळ, मुख्य उपकरण आणि वैज्ञानिक समर्थनाची पीडीएफ लागते. दीर्घिकेकडून किती क्ष-किरण येतील याचा अंदाज पिम्स या मोफत साधनानं काढता येतो. तीच दीर्घिका आधी पाहिली गेली असेल, तर संग्रहातली निरीक्षणं का पुरत नाहीत हे लिहावंच लागतं. उपकरणांचे फिल्टर, मोड वगैरे बारीक तपशील निवड झाल्यावर, दुसऱ्या टप्प्यात भरायचे असतात.

प्रस्ताव टिकतो किंवा पडतो तो मात्र वेळेच्या समर्थनावर. जीएसएन ०६९ ही सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षं दूरची दीर्घिका घ्या. २४ डिसेंबर २०१८ रोजी एक्सएमएमला ती अचानक कित्येक पट उजळलेली दिसली. तासाभरात ती मंदावली आणि साधारण नऊ तासांनी पुन्हा उजळली. जानेवारीत एक्सएमएमनं आणि फेब्रुवारीत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाच्या ‘चंद्रा’ दुर्बिणीनं ती पुन्हा पाहिली, तेव्हा हे उद्रेक ठरावीक अंतरानं होतात याची खात्री पटली. अशा दीर्घिकेसाठी तुम्ही दोन तास मागितलेत, तर उद्रेक निसटण्याचीच शक्यता जास्त. दुर्बीण कोणत्याही क्षणी वळली तरी तीन उद्रेक हमखास हाती लागावेत, तर किमान २७ तास, म्हणजे जवळपास १०० किलोसेकंद, सलग हवेत. हा हिशेब समर्थनात आकड्यांसकट मांडा. ‘दीर्घिका बदलते, म्हणून जास्त वेळ हवा’ एवढ्यानं परीक्षक तयार होत नाहीत, आणि होऊही नयेत. प्रत्येक फेरीत मागणी उपलब्ध वेळेच्या कित्येक पट असते.

सलग पाहण्यासाठी ही दुर्बीण मुळात चांगली. तिची कक्षा लांबट, सुमारे ४८ तासांची आहे. पृथ्वीजवळच्या प्रारण पट्ट्यांतून, म्हणजे वेगवान भारित कणांच्या पट्ट्यांतून, जाताना उपकरणं थांबवावी लागतात, पण उरलेल्या बऱ्याचशा काळात पृथ्वी आड येत नाही. पृथ्वीला लगटून फिरणाऱ्या दुर्बिणींसमोर मात्र पृथ्वी दर फेरीत आडवी येते.

अडचण सूर्याची आहे. एक्सएमएमची सौरपॅनेल स्थिर असल्यामुळे लक्ष्य सूर्यापासून ७० ते ११० अंशांच्या पट्ट्यातच असावं लागतं. त्यामुळे बऱ्याच दीर्घिका वर्षातून ठरावीक आठवडेच दिसतात. एक्सएमएमच्या दृश्यता-साधनात निर्देशांक टाकून ते आधी तपासा. ठरावीक तारखेला किंवा दुसऱ्या दुर्बिणीबरोबर एकाच वेळी निरीक्षण हवं असेल, तर ती अट अर्जातच नोंदवा आणि तिचं कारण द्या. मात्र विनाकारण अट घालू नका. प्रत्येक अटीनं वेळापत्रक आखणाऱ्यांचे हात बांधले जातात.

दीर्घिका कधी भडकेल हे माहीत नसेल, पण भडकेल असा अंदाज असेल, तर ‘संधी-लक्ष्य’ या प्रकारात अर्ज करावा. त्यात निरीक्षण कशावरून सुरू करायचं तो निकष स्पष्ट हवा, उदाहरणार्थ अमुक पातळीच्या वर तेज गेलं तर. अगदीच अनपेक्षित घटना घडली, तर वर्षभरात कधीही प्रकल्प-वैज्ञानिकांच्या राखीव वेळेतून मागणी करता येते. नेहमीच्या फेरीत मागता आलं असतं अशा गोष्टीसाठी हा मार्ग नाही.

निवड झालेल्या प्रस्तावाला अ, ब किंवा क श्रेणी मिळते. अ आणि ब श्रेणीतली निरीक्षणं होतात असं धरून चला. क श्रेणीतली वेळापत्रकात जागा उरली तरच होतात, म्हणून प्रबंधाचं प्रकरण क श्रेणीवर अवलंबून ठेवू नका. नेहमीच्या निरीक्षणांची माहिती एक वर्ष फक्त तुमच्याकडे राहते, नंतर ती सर्वांसाठी खुली होते.