डोळे नेमके केव्हा भरून येतात?

कौटुंबिक मालिका पाहून रडणे आरोग्याला चांगले, कारण अश्रूंवाटे शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. या समजाचे मूळ विल्यम फ्रे या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनात आहे. भावनेने येणाऱ्या अश्रूंमध्ये कांदा चिरताना येणाऱ्या अश्रूंपेक्षा प्रथिने अधिक असतात, असे त्यांना १९८१ मध्ये आढळले आणि रडणे ही उत्सर्जनाची क्रिया असावी, अशी कल्पना त्यांनी मांडली. परंतु प्रथिने म्हणजे विष नव्हे. शिवाय अश्रूंचा मोठा भाग पापणीच्या आतल्या कोपऱ्यातील छिद्रांमधून नाकात उतरतो (रडताना नाक वाहते ते यामुळेच) आणि तेथून घशात जाऊन गिळला जातो. शरीराने ‘टाकून दिलेले’ द्रव्य पुन्हा पोटातच जात असेल, तर त्याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेळेचा आहे. ‘रिप्लाय १९८८’ ही दक्षिण कोरियातील मालिका नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ या काळात टीव्हीएन वाहिनीवर दाखवली गेली. सोल शहरातील सांगमुन-दोंग या भागातल्या एका गल्लीत राहणाऱ्या पाच कुटुंबांची ही कथा आहे. तिच्या दुसऱ्या भागात दोकसन या मुलीची आजी वारते. मुले रडवेली होऊन गावी पोहोचतात, तर तेथे वडील आलेल्या पाहुण्यांशी हसून बोलत आहेत आणि आत्या खाण्यापिण्यात व गप्पांत रमल्या आहेत. आपल्या आईच्या मृत्यूचे यांना काहीच कसे वाटत नाही, हे दोकसनला समजत नाही. मग वडिलांचा अमेरिकेत राहणारा थोरला भाऊ रात्री उशिरा दारात येऊन उभा राहतो आणि त्याला पाहताच सगळी भावंडे एकमेकांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडतात. प्रेक्षकाचा बांधही येथेच फुटतो, आजीच्या मृत्यूची बातमी येते तेव्हा नव्हे.

हे असे का होते, याचे एक उत्तर एफ्रन आणि स्पँगलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले. त्यांच्या मते रडण्याला दोन टप्पे असतात: आधी ताण चढतो आणि मग तो ओसरतो, आणि अश्रू येतात ते चढताना नव्हे, तर ओसरू लागताना. आपल्या शरीराचा अनैच्छिक कारभार दोन चेतासंस्था पाहतात. अनुकंपी संस्था हृदयाची गती वाढवते आणि शरीराला संकटासाठी सज्ज ठेवते, तर परानुकंपी संस्था त्याला पुन्हा विश्रांतीकडे नेते. अश्रुग्रंथीला पाझरण्याचा मुख्य आदेश या दुसऱ्या, शांतवणाऱ्या संस्थेकडून मिळतो.

या आदेशाचा मार्ग थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. बदामाएवढी अश्रुग्रंथी डोळ्याच्या खोबणीत वरच्या बाहेरील बाजूला असते. कांद्याची वाफ लागली, तर पाचवी मस्तिष्क चेता (थेट मेंदूला जोडलेल्या मज्जातंतूंपैकी एक) मेंदूला खबर देते. भावनेच्या अश्रूंसाठी मात्र डोळ्यांना काहीही झोंबावे लागत नाही. भावनांशी संबंधित मेंदूभागांकडून आणि अधश्चेतकाकडून (हायपोथॅलॅमस) संदेश निघतो आणि मस्तिष्कस्तंभातील (मेंदूचा मज्जारज्जूला जोडणारा भाग) एका लहानशा केंद्रात येतो. तेथून पुढे दोन्ही प्रकारच्या अश्रूंची वाट एकच आहे. संदेश सातव्या मस्तिष्क चेतेबरोबर बाहेर पडतो, तिच्यापासून फुटलेल्या एका बारीक शाखेतून नाकामागच्या पोकळीतील चेतागुच्छात पोहोचतो, तेथे चेतापेशी बदलतो आणि पाचव्या चेतेच्या तंतूंच्या सोबतीने अश्रुग्रंथीत शिरतो. तेथे चेतांच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते, ते ग्रंथीपेशींच्या ग्राहींना (संदेश टिपणाऱ्या रेणूंना) चिकटते, पेशींमधील कॅल्शियम वाढते, क्लोराइडचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागून सोडियम आणि मग पाणी येते. एका भावाच्या चेहऱ्यावरील भाव बघून आपल्या गालावर खारट पाणी ओघळते, ते या साखळीमुळे.

आता तो प्रसंग पुन्हा तपासून पाहावा. भावंडांनी दिवसभर पाहुण्यांसमोर दुःख आवरून धरले आहे आणि प्रेक्षकही त्यांच्याबरोबर अस्वस्थ होऊन बसला आहे. थोरला भाऊ आल्यावर दुःख कमी होत नाही, पण ते आवरून धरण्याची गरज संपते. लेखिका ली वू-जंग आणि दिग्दर्शक शिन वॉन-हो यांची खरी हुकमत मला या मांडणीत दिसते. पहिल्या भागातही सतत डावलली गेलेली मधली मुलगी दोकसन घरात संतापते, आणि नंतर वडील गल्लीत तिच्यासाठी वाढदिवसाचा वेगळा केक घेऊन येतात. तेथे तर कोणाचा मृत्यूही नाही, तरीही डोळे भरतात.

रडताना केलेल्या शारीरिक मोजणीतून या सिद्धांताला काहीसा आधार मिळतो. अश्रू येण्याआधी हृदयाची गती वाढते, नंतर ती उतरू लागते आणि परानुकंपी संस्थेचा प्रभाव त्यापुढेही टिकतो. मात्र दोन्ही संस्था एकाच वेळी सक्रिय असू शकतात, आणि ज्यात सुटकेचा लवलेश नाही अशा असहाय दुःखातही माणूस रडतो. म्हणून हा सिद्धांत सर्व रडण्याला लागू पडतो, असे मी म्हणणार नाही. तरीही ‘मिरर न्यूरॉन’ (दुसऱ्याची कृती नुसती पाहूनही चेतणाऱ्या मेंदूपेशी) किंवा ‘प्रेमाचे संप्रेरक’ (ऑक्सिटोसिन) अशी एकच चावी दाखवून सगळे कुलूप उघडल्याचा दावा करणाऱ्या लिखाणापेक्षा तो अधिक प्रामाणिक आहे, कारण तो नेमक्या क्षणाबद्दल बोलतो आणि म्हणूनच तपासता येतो.

मन हलके होते का, हा प्रश्नही तपासला गेला आहे. नेदरलँड्समधील तिलबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६० जणांना हृदयद्रावक चित्रपट दाखवले. जे रडले, त्यांची मनःस्थिती चित्रपट संपताच अधिकच खालावलेली होती; २० मिनिटांनी ती पूर्ववत झाली आणि ९० मिनिटांनी ती चित्रपटापूर्वीच्या स्थितीपेक्षाही चांगली असल्याचे त्यांनी नोंदवले. न रडलेल्यांच्या मनःस्थितीत असा चढउतार दिसला नाही. म्हणजे रडण्याचा आराम असलाच, तरी तो अश्रूंबरोबर लगेच येत नाही. तो सर्वांना मिळतोच असेही नाही: नैराश्यासारखे मनोविकार असलेल्या व्यक्ती, रडल्यानंतर बरे वाटल्याचे इतरांपेक्षा कमी वेळा सांगतात, असे अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे अशा व्यक्तीला उपचारांऐवजी ‘मालिका पाहून एकदा मोकळे रडून घे’ असे सांगण्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही.