मारत तर नाही ना, मग त्रास कसला?

आमच्याकडं सोलापुरात पोरगी माहेरी येऊन रडायला लागली की हमखास कुणीतरी विचारतंच, "मारतो का ओ? दारू पितो का? मग काय त्रास आहे?" आता ती सांगणार तरी काय. आठवडाभर विड्या वळून आलेले पैसे तो मोजून काढून घेतो, पोरांसमोर "हिला काय कळतंय" म्हणतो, भाजीत मीठ कमी पडलं की तिच्या आईबापाचा उद्धार, आणि वर चार-चार दिवस अबोला. वळ कुठाय दाखवायला?

पण शरीर हे सगळं नोंदवून ठेवतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतले जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि रोनाल्ड ग्लेझर (हे स्वतः पण नवरा-बायकोच बरं का) यांनी ४२ जोडप्यांना दोनदा दवाखान्यात राहायला बोलावलं आणि दोन्ही वेळेस हातावर बारके बारके फोड उठवले. एकदा जोडप्यानं एकमेकांना धीर देणारं बोलायचं, दुसऱ्यांदा घरातल्या वादाच्या विषयावर. वादानंतर जखमा उशिरा भरल्या, आणि ज्यांच्या बोलण्यात कायमच खुन्नस होती त्यांच्या तर गोडीनं राहणाऱ्यांच्या मानानं जेमतेम ६० टक्के वेगानं. कारण काय, तर जखम भरायला सायटोकाइन नावाची रसायनं जखमेपाशी लागतात, ती वादानंतर तिथं कमी आढळली, आणि खुन्नसवाल्या जोडप्यांच्या रक्तात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ती जास्त वाढलेली, म्हणजे पाहिजे तिथं नाहीत आणि नको तिथं ढीगभर. रक्तात असं सारखं होत राहिलं तर पुढं हृदयविकार, डायबेटिसचा धोका. २००५ सालचा हा अभ्यास, आणि ही जोडपी काही छळवाली नव्हती, आपल्यासारखीच साधी, वाद पण अर्ध्या तासाचा. रोज टोमणे खाणारीचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

"मग सोडत का नाही?" हे विचारणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. तो रोज वाईट वागला असता तर ती कधीच गेली असती, पण मध्येच एखाद्या दिवशी गजरा आणतो, गोड बोलतो. गड्ड्यावर (आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत) रिंग टाकणारा माणूस दहा वेळा हरून पण हलत नाही, कारण एकदा लागलेली असते, तसंच हे. डटन आणि पेंटर या संशोधकांनी १९९३ मध्ये असा संसार सोडून आलेल्या ७५ बायकांचा अभ्यास केला, त्यात २५ जणींना कधी मार नव्हता, नुसता मानसिक छळ. वागणं जितकं लहरी तितकी ओढ जास्त, आणि ती सहा महिन्यांनी पण पूर्ण सुटलेली नव्हती. मूर्खपणा नाही हा, मेंदूच तसा शिकतो.

कायद्याला हे कधीच कळलंय. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात अपमान, टोमणे, मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून हिणवणं, पैसे काढून घेणं, सगळं हिंसाचारच धरलंय. १८१ या महिलांच्या हेल्पलाइनला फोन लावता येतो, संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार देता येते, आणि घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी कलम १७ प्रमाणं तिला तिथंच राहायचा हक्क आहे, तक्रारीसाठी आधी बाहेर पडावं लागत नाही.