मैदान नेरूळचं, संघ अंधेरीचा

नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोने खारघरमध्ये फुटबॉलचं सेंटर ऑफ एक्सलन्स उभारायला घेतलं आणि त्याच्या आराखड्यात ४० हजार प्रेक्षकांचं स्टेडियमही दाखवलं, तेव्हा अनेकांनी विचारलं, नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम असताना आणखी एक कशाला? याचं उत्तर नेरूळच्याच इतिहासात सापडतं.

डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली उघडलं ते क्रिकेटसाठी. आयपीएलचा पहिलावहिला अंतिम सामना इथेच झाला. मालकी खासगी, त्यामुळे कोणाला किती तारखा द्यायच्या हा मालकांचा व्यवहार. फुटबॉल आला तो २०१४ मध्ये, शहराशहरांच्या क्लबांच्या इंडियन सुपर लीगबरोबर. त्यातल्या मुंबई सिटी क्लबने घरचा पहिला सामना नेरूळला खेळला आणि पुण्याला ५-० असं धुतलं. आंद्रे मॉरित्झची त्यातली हॅटट्रिक लीगमधली पहिली. त्याच डिसेंबरात अंतिम सामनाही इथेच रंगला आणि भरपाई वेळेतल्या मोहम्मद रफीकच्या हेडरवर कोलकात्याने केरळला हरवलं.

मुंबई सिटीच्या समर्थकांचा गट, वेस्ट ब्लॉक ब्लूज, याच सुरुवातीच्या काळातला. पण या निळ्या जर्सीवाल्यांपैकी कितीतरी जण खाडीच्या पलीकडचे, मुंबईतले. सामना संध्याकाळी सातचा. वांद्र्याहून निघायचं, वडाळ्याला पनवेल गाडी पकडायची, कामावरून परतणाऱ्यांच्या गर्दीत ढोल सांभाळत नेरूळला उतरायचं आणि सामना संपल्यावर तीच कसरत उलटी. नवी मुंबईतल्या फुटबॉलवेड्यांचं म्हणाल, तर इथला मल्याळी केरळचा, बंगाली कोलकात्याचा, गोवेकर गोव्याचा. शहर वसलंच तसं, त्यात दोष कुणाचा नाही. मात्र दोन हंगाम खेळून २०१६ ला क्लब अंधेरीच्या क्रीडा संकुलात गेला, तेव्हा नवी मुंबईत कुणी मोर्चा काढला नाही की निवेदन दिलं नाही. आपलं काही गेलं असं वाटायला ते आधी आपलं असावं लागतं.

त्यानंतर मोठा फुटबॉल आला तो पाहुणा म्हणूनच. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे साखळी सामने आधी इथे होणार होते. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या विनंतीवरून ते दिल्लीला गेले. शहराने तरी हौस भागवून घेतली. महापालिकेने नेरूळचं यशवंतराव चव्हाण मैदान सरावासाठी तयार केलं, भिंतींवर फुटबॉलची चित्रं आली, आणि राज्य सरकारने १५ सप्टेंबरला ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ म्हणत शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल खेळायला लावलं. स्पेन-माली उपांत्य सामना इथे झाला. २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाची आणि मुलींच्या विश्वचषकाची, दोन्ही अंतिम लढती इथेच झाल्या. मांडव पडला, पाहुणे गेले, मैदान पुन्हा क्रिकेटकडे आणि मैफिलींकडे.

स्थानिक राजकारणाला यात रस का नसावा? कोपरखैरण्यापासून उरणपर्यंत गावागावांत टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा बघा. नगरसेवक चषक, आमदार चषक, वाढदिवसाचा चषक. मालिकावीराला मोटारसायकल, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आणि सीमारेषेभोवती भाऊंचे, दादांचे फ्लेक्स. गावकी, भावकी आणि मतदारयादी एकाच मांडवात बसते. सेक्टरांतल्या सोसायट्यांमध्ये विखुरलेल्या फुटबॉलप्रेमीकडे तो हिशेब नाही, म्हणून त्याच्यासाठी फ्लेक्स लागत नाही.

खरी लढाई झाली ती घणसोलीला. तिथे शासकीय क्रीडा संकुलासाठी २० एकर जागा राखून ठेवलेली होती. ही गोष्ट २००३ ची. संकुल काही झालं नाही. पुढे २०१६ मध्ये सिडकोने त्यातली काही जागा घरं आणि दुकानं बांधायला खासगी विकासकाला दिली, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने संकुलच उचलून रायगडमधल्या माणगाव तालुक्यात नाणोरे इथे न्यायचं ठरवलं. अंतर ११५ किलोमीटर! याविरुद्ध कोर्टात गेली ती वास्तुविशारदांची संस्था, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सची नवी मुंबई शाखा. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारचा निर्णय रद्द केला. सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली, तर तिथे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने उरलेली मोकळी जागाही बिल्डरला देण्याच्या रीतीवर ताशेरे ओढले. नवी मुंबईत खेळाच्या जागेसाठी झालेला हा सगळ्यात मोठा झगडा, आणि त्यात पुढे होते नकाशे वाचणारे लोक. समर्थकांचा गट तोवर अंधेरीत स्थिरावला होता.

असा गट इथे उभा राहिला असता तरी त्याने दार कुणाचं ठोठावायचं, हा गुंता वेगळाच. नवी मुंबई महापालिकेत मे २०२० मध्ये मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. जमीन सिडकोची. सिडकोला मतदार नाहीत; अध्यक्ष सरकार नेमतं. २०१८ मध्ये ते पद पनवेलच्या आमदारांकडे होतं, २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या. त्यात भर म्हणजे हे जुळं शहर दोन जिल्ह्यांत चिरलेलं आहे: नेरूळ, घणसोली ठाण्यात, खारघर रायगडात आणि तेही पनवेल महापालिकेच्या हद्दीत. फुटबॉलच्या संघटना जिल्ह्यांप्रमाणे चालतात. म्हणजे बेलापूरचा पोरगा ठाण्याचा खेळाडू आणि मेट्रोने काही स्टेशनं पुढे राहणारा त्याचा मित्र रायगडचा. खारघरचं स्टेडियम उभं राहिलं, तर ते रायगड जिल्ह्यात असेल, जमीन सिडकोची असेल, रस्ते-पाणी पनवेल महापालिका बघेल आणि त्यात खेळायला बोलवायचा मोठा क्लब मुंबईहून आणावा लागेल.