'मारतो, पण प्रेमही करतो': या पुस्तकांच्या आधीची गोष्ट

कॉलीन हूवरचं 'इट एंड्स विथ अस' आपल्याकडे फुटपाथवरच्या पायरेटेड गठ्ठ्यातसुद्धा मिळतं, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं मारणाऱ्या प्रियकराचा हा विषय तिथूनच सुरू झाला. पण ते आलं 2016 मध्ये, आणि मुळात ते टीनएजर्ससाठी लिहिलेलंच नाही, नायिका विशीतली आहे. शाळकरी वयातल्या मारकुट्या बॉयफ्रेंडवर अमेरिकेत त्याच्या 15-16 वर्षं आधीच दमदार कादंबऱ्या आल्या होत्या.

खरा प्रश्न असा की त्याही इतक्या उशिरा का आल्या? कारण तिथलं यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे टीनएजर्ससाठीचं साहित्य साधारण 1967 च्या 'द आउटसायडर्स'पासून धरतात, सत्तरच्या दशकात त्यात ड्रग्ज, सेक्स सगळं येऊन गेलं, 1976 मध्ये रिचर्ड पेकने तर ओळखीतल्याच बड्या घरच्या मुलाने केलेल्या बलात्कारावर आणि त्यानंतर गाव कसं गप्प बसतं यावर पुस्तक लिहिलं. पण स्वतःचा बॉयफ्रेंडच हात उचलतो हे मात्र फारसं कुठे नाही. उलट 1983 पासून 'स्वीट व्हॅली हाय'सारख्या गुलाबी सिरीज धडाधड खपत होत्या.

मला वाटतं याचं कारण लेखकांपेक्षा बाहेरच्या जगात जास्त आहे, म्हणजे मारहाण म्हटलं की कायद्याला, पोलिसांना, सगळ्यांना डोळ्यासमोर बायकोच दिसायची. लेनोर वॉकरने 1979 मध्ये ताण, मग मार, मग सॉरी आणि लाडीगोडी, मग परत ताण असं चक्र मांडलं, मिनेसोटातल्या डुलूथमध्ये 1984 च्या सुमारास मार खाल्लेल्या बायकांशी बोलून बोलून सत्ता आणि कंट्रोलचा तो प्रसिद्ध आकृतीबंध तयार झाला (मैत्रिणी तोडणं, जेलसीला प्रेम म्हणणं, धमकावणं, सगळं त्यात आहे), पण हे सगळं नवरा-बायकोचं. 1981 मध्येच जेम्स मेकपीस नावाच्या संशोधकाने कॉलेजच्या पोरांना विचारलं तर साधारण पाचातल्या एकाने डेटिंगमध्ये मारहाण अनुभवलेली, तरी शाळकरी मुलांना हा प्रश्न सरकारी सर्व्हेत विचारायला 1999 उजाडलं! 1994 मध्ये ओ. जे. सिम्पसनची, आधीच्या बायकोच्या खुनाच्या आरोपाची केस गाजली, त्याच वर्षी महिलांवरच्या हिंसाचाराविरुद्ध केंद्रीय कायदा झाला, पण त्यात डेटिंगमधली हिंसा वेगळी धरली गेली ती 2000 च्या दुरुस्तीत.

आणि बरोब्बर त्याच वर्षी सारा डेसनचं 'ड्रीमलँड' आलं. केटलिनची मोठी बहीण घर सोडून जाते, आईबाप त्या दुःखात बुडालेले, आणि या पोरीच्या अंगावरचे बॉयफ्रेंडच्या माराचे वळ कोणालाच दिसत नाहीत. ती त्याला का सोडून जात नाही, हा बाहेरच्यांचा आवडता प्रश्न, त्याला या पुस्तकाने आतून उत्तर दिलं. 2001 मध्ये अ‍ॅलेक्स फ्लिनने त्याहून धाडस केलं, 'ब्रीदिंग अंडरवॉटर'ची गोष्ट मारणारा मुलगाच सांगतो. निक श्रीमंत घरचा, बाप त्याला बडवतो, आणि गर्लफ्रेंडला मारलं म्हणून कोर्ट त्याला मारहाण करणाऱ्यांसाठीच्या क्लासला पाठवतं आणि दर आठवड्याला 500 शब्द डायरी लिहायला लावतं. (त्या मुलीचं नावही केटलिनच, योगायोग!) फ्लिन स्वतः वकील होती, त्यामुळे कोर्टाचा भाग नुसता सजावटीचा वाटत नाही. माझ्या मते या प्रकारातलं हे सगळ्यात चांगलं, कारण निक लबाडी करत स्वतःची बाजू मांडतो आणि आपणही थोडा वेळ फसतो. नंतरच्या बऱ्याच पुस्तकांत तो डुलूथचा आकृतीबंधच प्रकरणं पाडून लिहिल्यासारखं वाटतं.

गंमत म्हणजे 2005 ला 'ट्वायलाइट' आलं आणि पारडं पुन्हा उलटं झुकलं, तिसऱ्या भागात तर नायक एडवर्ड नायिका बेलाच्या ट्रकच्या इंजिनातला पार्टच काढून ठेवतो, तिने दुसऱ्या मुलाला भेटायला जाऊ नये म्हणून, आणि लाखो पोरींना तो ड्रीम बॉय! फेब्रुवारी 2009 मध्ये गायक क्रिस ब्राउनने त्याची गर्लफ्रेंड, गायिका रिहानाला मारलं तेव्हा बॉस्टनच्या आरोग्य खात्याने 200 मुलामुलींना विचारलं, तर जवळपास निम्मे म्हणाले जबाबदार रिहाना. त्यानंतर 2011 मध्ये जेनिफर ब्राउन, डेब कॅलेटी अशा लेखिकांची या विषयावरची पुस्तकं लागोपाठ आली.

मग हूवर, तिला टिकटॉकने घरोघरी नेलं, आणि टीनएजर्सही तिच्या वाचक झाल्या. जानेवारी 2023 मध्ये 'इट एंड्स विथ अस'चं कलरिंग बुक काढायची घोषणा झाली, वाचकच भडकले, आणि लेखिकेने माफी मागून ते रद्द केलं.