तळ्यावरच्या मच्छीमारांचे किसान क्रेडिट कार्ड : अर्ज नेमका कुठे अडतो

किसान क्रेडिट कार्ड फक्त सातबारा असलेल्यालाच मिळते, ही समजूत सोलापूर जिल्ह्यातल्या तळ्यांच्या काठी अजून पक्की आहे आणि काही बँक शाखांमध्येही ती तितकीच पक्की आहे. वास्तविक केंद्राच्या २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात ही सुविधा मत्स्यव्यवसायाला लागू करण्याची घोषणा झाली आणि रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचे निकष बँकांना कळवले. तरीही हिप्परगा, कुरनूर किंवा उजनीच्या काठावरून गेलेले अर्ज परत येतात आणि त्याची कारणे बहुतेक वेळा तीच ती असतात.

पहिला घोळ समुद्राचे कलम तळ्याला लावण्याचा आहे. सागरी मच्छीमाराकडे स्वतःची किंवा भाड्याने घेतलेली नोंदणीकृत नौका आणि खाडीत वा समुद्रात मासेमारी करण्याचा परवाना असावा लागतो. गोड्या पाण्यातल्या अर्जदारासाठी नौकेची अट नाही; त्याच्याकडे तळे, तलाव किंवा जलाशय मालकीचा अथवा ठेक्याचा असावा आणि मासेमारीसाठी आवश्यक तो परवाना असावा, एवढेच निकष म्हणतात. थोडक्यात, कोकणात कागद होडीचा लागतो, आपल्याकडे पाण्याचा. एका शाखेत माझ्यासमोर नौका नोंदणीचा दाखला मागितला गेला, तेव्हा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे टाकणाऱ्या त्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन, ट्यूबची नोंदणी आरटीओत होते का, असे अगदी गंभीरपणे विचारले होते.

हा पाण्याचा कागद मात्र एकट्या मच्छीमाराकडे जवळजवळ कधीच नसतो, कारण तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावावर असतो. म्हणून संस्थेच्या चालू ठेक्याच्या कराराची प्रत आणि अर्जदार हा संस्थेचा क्रियाशील सभासद असून याच तलावावर मासेमारी करतो असे सांगणारा, तलावाचे नाव, सभासद क्रमांक व जावक क्रमांक असलेला दाखला, हे दोन्ही एकत्र जोडावेत. नुसते ‘सदर इसम आमचे सभासद आहेत’ एवढे लिहिलेले पत्र बँकेला अपुरे वाटते आणि याबाबत बँकेला दोष देता येणार नाही. ठेका कधी संपतो ती तारीख अर्ज करण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. जिथे ठेक्याऐवजी व्यक्तिगत परवान्यावर मासेमारी चालते तिथे परवान्याची प्रत पुरते, पण तीही चालू मुदतीची हवी. स्वतःच्या शेततळ्यात मासे वाढवणाऱ्याने मात्र शेततळ्याची नोंद असलेला सातबारा द्यावा.

इथे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही दोन शब्द सांगायला हवेत. दर हंगामात किती बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडली, बारीक आसाचे (छिद्रांचे) जाळे वापरणाऱ्यावर काय कारवाई केली, अंडी घालण्याच्या काळात जाळी किती दिवस काठावर ठेवली, याची नोंदवही ज्या संस्था नीट ठेवतात, त्यांचा सभासद खरोखर मासेमारीवर जगतो हे दाखवायला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. जिथे वही कोरी असते, तिथे तळ्यातला मासाही रोडावलेला असतो आणि दाखल्याचा शब्दही हलका पडतो.

आधार, बँक खाते आणि संस्थेचे सभासद रजिस्टर यांतले नाव एकच असावे. आधारवर ‘बाळासाहेब’ आणि रजिस्टरमध्ये ‘बाळू’ असेल, तर दुरुस्तीचा ठराव आधी करून घ्यावा. राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावरची, म्हणजे मच्छीमारांसाठीच्या केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी असला की ती होते; मात्र ही नोंदणी म्हणजे कर्जमंजुरी नव्हे. फोटो, पॅन आणि रहिवासाचा पुरावा नेहमीप्रमाणेच.

अर्जातल्या ‘कर्जाचे प्रयोजन’ या रकान्यात ‘होडी घेणे’ असे लिहिल्यामुळे कितीतरी चांगले अर्ज मागे आले आहेत. हे कर्ज खेळत्या भांडवलासाठी आहे, म्हणजे मत्स्यबीज, खाद्य, बर्फ, इंधन, मजुरी, ठेक्याची रक्कम यांसाठी. नव्या होडीसाठी मुदत कर्जाचा वेगळा अर्ज करावा लागतो. १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही, तेव्हा जामीनदाराची जमीन लिहून देण्याची घाई करू नये.

तारखेबाबतची गैरसमजूत सर्वांत महागात पडते. कार्ड ५ वर्षांसाठी असते, म्हणून पैसेही ५ वर्षांत फेडायचे, असे गृहीत धरणारे दरवर्षी भेटतात. व्याजाची सवलत उचल केल्यापासून जास्तीत जास्त एक वर्षच मिळते. ७ टक्के व्याजावर वेळेत परतफेड करणाऱ्याला आणखी ३ टक्के सूट मिळून व्याज ४ टक्क्यांवर येते, पण देय तारीख एका दिवसाने हुकली तरी ही सूट जाते. उचलीची तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवावी, हे मी प्रत्येकाला सांगतो.

अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नये. पूर्ण अर्जावर १४ दिवसांत निर्णय व्हावा अशा सूचना बँकांना आहेत, पण पोच नसेल तर ते १४ दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध करता येत नाही. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. ‘साहेब नाही म्हणाले’ हे कारण होत नाही. ते लेखी कारण, पोच आणि संस्थेचा दाखला घेऊन प्रथम सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात व नंतर अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांकडे (जिल्ह्यातल्या बँकांच्या कर्जवाटपाचा समन्वय पाहणाऱ्या अग्रणी बँकेच्या अधिकाऱ्यांकडे) जावे आणि दोन्ही ठिकाणी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा.