नार्निया मालिका : वाचकांची मतं

नार्निया ही ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांची मुलांसाठी लिहिलेली सात कादंबऱ्यांची फँटसी मालिका. पहिलं पुस्तक 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० मध्ये आलं आणि शेवटचं 'द लास्ट बॅटल' १९५६ मध्ये, म्हणजे वर्षाला एक असा हिशोब, आणि सातही पुस्तकांना चित्रं पॉलिन बेन्स यांची. कपाटातून बर्फाळ जंगलात जाणारी मुलं, बोलणारे प्राणी, शंभर वर्षं हिवाळा लादून बसलेली पांढरी चेटकीण आणि अस्लान नावाचा सिंह, एवढं तर नुसता सिनेमा बघितलेल्यांनाही माहीत असतं. हा सिंह म्हणजे ख्रिस्त, हे मात्र सगळ्यांना माहीत नसतं, पहिल्या वाचनात तर नसतंच बऱ्याच जणांना, आणि या मालिकेवरून गेली सत्तर वर्षं वाचक जे काही बोलत आणि भांडत आलेत त्यातलं बरंचसं शेवटी इथेच येतं, की हा सिंह कोण ते तुम्हाला कधी कळलं.

लुईस मूळचे बेलफास्टचे, जन्म १८९८. ऑक्सफर्डला मध्ययुगीन साहित्य शिकवायचे. तरुणपणी पक्के नास्तिक होते आणि १९३१ मध्ये ख्रिस्ती श्रद्धेकडे परत आले, त्यात मित्र टॉल्किन ('लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक) यांच्याशी झालेल्या रात्री उशिरापर्यंतच्या गप्पांचा मोठा वाटा होता. ख्रिस्ती रूपककथा हा प्रकार तसा मराठीलाही नवा नाही, जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चं हरि केशवजींनी केलेलं 'यात्रिक क्रमण' १८४१ मधलं आहे. बन्यनच्या पुस्तकात निराशा नावाचा राक्षस असतो आणि तो म्हणजे निराशाच, दुसरं काही नाही. लुईसनी स्वतः १९३३ मध्ये त्याच धाटणीचं एक पुस्तक लिहिलं होतं, पण नार्नियाला रूपककथा म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. १९५८ च्या एका पत्रात ते लिहितात त्याचा मतलब असा, की समजा नार्नियासारखं एखादं जग खरंच असतं आणि ख्रिस्ताने आपल्या जगात जसा देह धारण केला तसा तिथे करायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं, त्याचं उत्तर म्हणजे अस्लान. वाचकांनी हा फरक फारसा मनावर घेतला नाही, आजही सगळे सरसकट रूपककथाच म्हणतात. आणि खरं सांगायचं तर दगडी चौथऱ्याचा प्रसंग वाचताना हा फरक लक्षात ठेवणं अवघडच आहे. चार भावंडांतला एडमंड फितूर झालेला, फितुराच्या जिवावर चेटकिणीचा हक्क, म्हणून त्याच्या बदल्यात अस्लान स्वतः रात्री एकटा चालत जातो, त्याची आयाळ भादरतात, तोंडाला मुसकं बांधतात, थट्टा करतात, मारतात. त्याच्या बहिणी ल्युसी आणि सुझन रात्रभर प्रेतापाशी बसून रडतात, उंदीर येऊन दोऱ्या कुरतडतात, पहाटे तो चौथरा दुभंगतो आणि सिंह जिवंत उभा. ज्याने शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, वाचली आहेत त्याला या पानांवर काही समजावून सांगावं लागत नाही.

ज्याने वाचलेली नाहीत त्याला मात्र ही एक जबरदस्त साहसकथा वाटते आणि ते अगदी बरोबर आहे. आपल्याकडच्या इंग्लिश मीडियममध्ये शिकलेल्या हिंदू घरातल्या मुलाला प्राण्याच्या रूपातला देव यात नवल वाटायचं काही कारण नाही, नरसिंह माहीत असतोच, नवल वाटलंच तर याचं की हा सिंह फाडत नाही, मरतो. तेच अहिल्यानगर किंवा वसईकडच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाला चौथऱ्याच्या प्रकरणातच ओळख पटू शकते.

ज्यांना हे मोठेपणी कळतं त्यांच्यात दोन तट पडतात. काहींना आनंद होतो की अरे, यात अजून एक मजला होता. काहींना फसवल्यासारखं वाटतं. लॉरा मिलर या अमेरिकन समीक्षिकेने २००८ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, लहानपणी नार्निया म्हणजे जीव की प्राण होता, मग वयात येताना त्यातला ख्रिस्ती अर्थ कळला आणि आपलं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे चर्चच निघालं म्हणून मन उडालं, आणि पुढे मोठेपणी ती परत वेगळ्या नजरेने तिथे गेली. अशा वाचकांना लोक उगाच हळवं म्हणतात. लुईसनी १९५६ मध्ये एका लेखात स्पष्टच लिहिलंय की चर्चमध्ये भक्तिभाव वाटलाच पाहिजे असं सांगितल्यामुळेच तो वाटेनासा होतो, तर तेच सगळं कल्पित जगात नेलं तर मनाच्या दारावरचे पहारेकरी चुकवून आत शिरता येईल. म्हणजे गुपचूप आत शिरायचा इरादा होता, तेव्हा ज्यांना तसं वाटलं त्यांना ते उगाच वाटलेलं नाही. त्याच लेखात हेही आहे की सुरुवात नुसत्या चित्रांपासून झाली, बर्फात छत्री घेऊन चाललेला बकऱ्याच्या पायांचा फॉन वगैरे, तेव्हा त्यात ख्रिस्ती असं काही नव्हतं, ते नंतर आपलं आपण घुसलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, लेखक लोकांचं असंच असतं.

ख्रिस्ती वाचकांचं एकमत आहे असं बाहेरून वाटतं, तसं अजिबात नाहीये. २००५ च्या सिनेमाच्या वेळी अमेरिकेत चर्चांनी लोकांना जथ्याने थिएटरात नेलं हे खरं, पण जादू आणि चेटकीण आहे म्हणून ही पुस्तकं घरात नकोत म्हणणारेही आहेतच. 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये तर मद्याचा ग्रीक देव बॅकस नाचत येतो, सोबत त्याच्या बेभान पोरी, आणि हे सगळं ख्रिस्तरूपी सिंहाच्या मेहरबानीने. टॉल्किन स्वतः कट्टर कॅथलिक आणि लुईसचे जिगरी दोस्त, तरी त्यांना नार्निया कधीच रुचलं नाही, एकतर त्यांना रूपककथेचंच वावडं, त्यात फॉन, सांताक्लॉज, बोलणारे बीव्हर अशी कुठली कुठली पात्रं एकाच जगात कोंबलेली. अभ्यासू वाचक अजून बारीक जातात, चेटकिणीचा हक्क मान्य करून मोबदला देणं म्हणजे सैतानाला खंडणी दिल्यासारखं झालं, शिवाय ख्रिस्त सगळ्या जगासाठी मेला आणि अस्लान इथे एकट्या एडमंडसाठी मरतो, मग हिशोब जुळतो का? १९५५ मध्ये एका अमेरिकन आईने काळजीने लिहिलं होतं की मुलाचं अस्लानवर येशूपेक्षा जास्त प्रेम बसलंय, त्यावर लुईसचं उत्तर असं की अस्लानचं जे काही केलेलं-बोललेलं त्याला आवडतं ते येशूचंच आहे, काळजी नको. काही धार्मिक वाचकांना हे उत्तर फार भावतं, काहींना ही चक्क सारवासारव वाटते.

सगळ्यात जोरात भांडण शेवटच्या पुस्तकावर. त्याला ब्रिटनचं बालसाहित्यासाठीचं कार्नेगी मेडल मिळालं होतं, आणि सगळ्यात जास्त लोक नाराज त्याच्यावरच. नार्निया संपतं, तारे पडतात, मुलांना कळतं की आपण रेल्वे अपघातात मेलोय आणि आता खऱ्या नार्नियात आलोय, आणि हा आनंदी शेवट आहे. फक्त सुझन नाही. ती आता नार्नियाची मैत्रीण राहिली नाही म्हणे, तिला नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि पार्ट्यांची आमंत्रणं एवढंच सुचतं. १९९८ मध्ये, लुईसच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ब्रिटिश लेखक फिलिप पुलमन यांनी गार्डियन या दैनिकात झोडपून काढलं, की मरण जगण्यापेक्षा चांगलं, मुलगे मुलींपेक्षा चांगले, गोरे काळ्यांपेक्षा चांगले असं शिकवणारी ही विषारी पुस्तकं आहेत. फँटसी लेखक नील गेमन यांनी २००४ मध्ये मोठ्या झालेल्या सुझनच्या प्रश्नावरच एक कथा लिहिली, त्यात मेलेल्यांची ओळख पटवायला जाणारी मागे राहिलेली बहीण आहे, आणि ती वाचल्यावर मूळ पुस्तक आधीसारखं वाचता येत नाही.

सुझनच्या बाबतीत मूळ पानं परत काढून बघितली तर मोजे-लिपस्टिकचं वाक्य जिल या मुलीच्या तोंडी आहे, लगेच वयाने मोठी असलेली पॉली म्हणते की तिने खरंच मोठं व्हावं असं मला वाटतं, ती सगळ्यात खुळ्या वयाकडे पळत गेली आणि तिथेच थांबायला बघतेय. म्हणजे राग दिखाऊपणाचा आहे, बाई होण्याचा नाही, असा बचाव करता येतो. अस्लान स्वतः तिच्याबद्दल तिथे काही बोलत नाही. आणि ती त्या गाडीत नव्हती म्हणून जिवंत आहे. एका मुलाला १९५७ मध्ये पाठवलेल्या पत्रात लुईसनी लिहिलंय की तिला सुधारायला भरपूर वेळ आहे, कदाचित ती आपल्या वाटेने अस्लानच्या देशात पोहोचेलही. हे सगळं मान्य, तरी एकाच दिवशी आईबाप, दोन भाऊ, बहीण सगळे गेलेल्या मुलीबद्दल बाकीची मंडळी स्वर्गात दोन वाक्यं बोलून फळं खायला लागतात हे खटकतं ते खटकतंच.

मग कॅलॉर्मेन. नार्नियाच्या दक्षिणेला वाळवंटापलीकडचं साम्राज्य, सावळी माणसं, पगड्या, वाकड्या तलवारी, टोक वळलेले जोडे, लांबलचक म्हणी, गुलामांचा बाजार, आणि ताश नावाचा देव ज्याला गिधाडाचं डोकं आणि चार हात. चार हातांचा देव म्हटला की तो राक्षसीच, हे वाचून भारतीय वाचकाची भुवई वर जाणार हे उघड आहे. 'लास्ट बॅटल'मध्ये हे शिपाई जवळ आल्यावर कांद्या-लसणाचा वास येतो असंही आहे, आता यावर आपण काय बोलणार. पश्चिमेत हा आक्षेप मुख्यतः अरब आणि तुर्कांच्या चित्रणाबद्दल घेतला जातो आणि तो रास्त आहे. पण याच देशातली अराविस ही मालिकेतली सगळ्यात धीट मुलगी आहे, 'द हॉर्स अँड हिज बॉय' तिच्यामुळेच वाचनीय होतं. आणि एमेथ नावाचा तरुण कॅलॉर्मेन सरदार, आयुष्यभर ताशची मनापासून भक्ती केलेला, मेल्यावर अस्लानसमोर येतो तर अस्लान म्हणतो की तू ताशची म्हणून केलेली खरी सेवा मला पोहोचली. गंमत म्हणजे बाहेरच्या टीकाकारांना हे फार तोकडं वाटतं आणि कर्मठ ख्रिस्ती वाचकांना फार सैल, कारण मग ख्रिस्ताला न मानताही तरता येतं असा अर्थ निघतो. आपल्याकडे कुठल्याही देवाला केलेला नमस्कार शेवटी एकालाच पोहोचतो हे लहानपणापासून ऐकलेल्याला यात वाद घालण्यासारखं काय आहे तेच कळत नाही.

आवडत्या प्रसंगांचं म्हणाल तर आस्तिक-नास्तिक भेद बराच कमी होतो. 'डॉन ट्रेडर'मध्ये युस्टेस नावाचा मुलगा लोभापायी ड्रॅगन होतो, स्वतःचं कातडं तीनदा सोलतो तरी आत पुन्हा तसंच खवल्यांचं कातडं, शेवटी सिंह नखं खोलवर घालून सोलतो आणि ते इतकं दुखतं की काळजापर्यंत गेल्यासारखं. हा बाप्तिस्मा आहे हे कळलं नाही तरी काही बिघडत नाही. तसाच 'सिल्व्हर चेअर'मधला रडका पडलग्लम, जमिनीखालच्या चेटकिणीने सूर्य नाही, अस्लान नाही असं पटवत आणलेलं असताना तो अनवाणी पायाने तिची मोहाची आग विझवतो आणि म्हणतो की अस्लान नसला तरी मी अस्लानच्याच बाजूचा. टर्किश डिलाइटचा एक वेगळाच किस्सा, एका डब्यासाठी एडमंड भावंडांना विकायला निघतो म्हणून मुलं ती मिठाई पुढे कधीतरी मागवतात आणि हेच का ते म्हणून तोंड वाकडं करतात, पण पुस्तक आलं तेव्हा ब्रिटनमध्ये गोड खाऊवर रेशन होतं, ते १९५३ मध्ये उठलं, हे कळलं की एडमंडची थोडी तरी दया येते.

लुईसचे अभ्यासक मायकेल वॉर्ड यांनी २००८ मध्ये मांडलं की सात पुस्तकं म्हणजे मध्ययुगीन आकाशातले सात ग्रह, पहिलं गुरूचं, कॅस्पियन मंगळाचं, डॉन ट्रेडर सूर्याचं, असं करत शेवटचं शनीचं. मराठी वाचकाला हे रविवार ते शनिवार बोटांवर मोजून तपासता येतं. काहींना हे पटलंय, काहींना ओढूनताणून वाटतं, मला स्वतःला शनीचं पुस्तक इतकं चपखल वाटतं की बाकीच्यांवरही विश्वास ठेवावासा वाटतो.

राहिला वाचण्याच्या क्रमाचा वाद, जो सगळ्यात किरकोळ आहे आणि सगळ्यात हिरीरीने घातला जातो. १९९४ पासून हार्परकॉलिन्सने पुस्तकांना कथेतल्या काळाप्रमाणे नंबर दिले, त्यामुळे १९५५ चं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' एक नंबरला आलं. लुईसनी एका मुलाला पत्रात हाच क्रम बरा म्हटलं होतं. पण जुने वाचक ऐकत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे, कारण कपाटाच्या पुस्तकात अस्लानचं नाव पहिल्यांदा निघतं तेव्हा लेखक सांगतो की तो कोण हे मुलांना तुमच्याइतकंच माहीत नव्हतं, आणि 'नेफ्यू' आधी वाचलं असेल तर तुम्ही त्याला अख्खं जग गाऊन निर्माण करताना बघून झालेलं असतं. बर्फातला दिव्याचा खांब कुठून आला हेही आधीच कळलेलं. आता ग्रेटा गर्विग नेटफ्लिक्ससाठी जो नार्निया सिनेमा करतेय तोही 'नेफ्यू'वरच आहे, त्यामुळे हे भांडण आणखी एक पिढी चालणार.