मॉलिब्डेनम अडवणारी भुकटी

सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे द्रावणातला हवा तो पदार्थ घन भुकटीवर अडवून वेगळा करणं. त्याचं कार्ट्रिज दिसायला अगदी साधं असतं. इंजेक्शनच्या सिरिंजसारखी प्लास्टिकची नळी, वर-खाली दोन सच्छिद्र चकत्या आणि मध्ये दाबून भरलेली भुकटी. द्रावण वरून ओतायचं. भुकटीला जे आवडेल ते अडकतं, बाकीचं खाली निघून जातं. भुकटी कोणती निवडायची, यातच खरं रसायनशास्त्र आहे. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, बाजारात आम्लधर्मी, उदासीन आणि अल्कधर्मी अशा तीन तऱ्हांनी मिळते. आम्लाने धुतलेल्या ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट जादा प्रोटॉन पकडून ठेवतात. त्यामुळे कणांवर धनभार येतो आणि ऋणभारित आयन त्यांना चिकटतात.

एवढ्याशा गुणावर जगभरातल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांची, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ वापरून तपासणी करणाऱ्या विभागांची, सकाळ चालते. हाडांचा किंवा हृदयाचा स्कॅन करताना बहुतेक वेळा टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ वापरतात. त्याचं अर्धायुष्य फक्त ६ तास, म्हणजे दर ६ तासांनी तो निम्माच उरतो. कारखान्यात बनवून दूरच्या गावी पाठवायचं म्हटलं तर बरंचसं वाटेतच संपणार. म्हणून पाठवतात ते त्याचं जनक मूलद्रव्य, मॉलिब्डेनम-९९. त्याचं अर्धायुष्य ६६ तास. शिशाच्या जाड कवचात आम्लधर्मी ॲल्युमिनाची छोटी नळी बसवलेली असते आणि तिच्यावर हे मॉलिब्डेनम चढवलेलं असतं. यालाच जनरेटर म्हणतात. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी तो तयार केला.

नळीत घडतं ते असं. मॉलिब्डेनम तिथे मॉलिब्डेट या आयनाच्या रूपात असतं. त्याच्यावर दोन ऋणभार असतात, आणि आम्लात त्याचे अनेक आयन जोडून आणखी मोठे गट बनतात. ते ॲल्युमिनाला घट्ट धरून बसतात. मॉलिब्डेनमचा क्षय होऊन जन्मतं ते परटेक्नेटेट, म्हणजे टेक्नेशियमचा आयन. त्याच्यावर ऋणभार एकच, त्यामुळे पकड सैल. नळीतून ०.९ टक्के मिठाचं पाणी, म्हणजे रुग्णालयातलं नेहमीचं सलाइन, सोडलं की त्यातला क्लोराइड त्याची जागा घेतो आणि टेक्नेशियम बाटलीत उतरतं. जनक जागचा हलत नाही. साधारण दिवसभरात टेक्नेशियम पुन्हा भरपूर साठतं. इंग्रजीत या कामाला गाय दोहणं म्हणतात. आपल्याकडे रोज सकाळी धार काढायची म्हटलं तरी कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

धार काढली की लगेच सुईत भरायची, असं मात्र नाही. मॉलिब्डेनम थोडं जरी सुटून आलं, तर रुग्णाला विनाकारण जास्त किरणोत्सर्ग मिळतो आणि चित्रही बिघडतं. म्हणून दर वेळी त्याचं प्रमाण मोजतात. शिवाय भुकटीतलं ॲल्युमिनियम विरघळून आलंय का, तेही रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीवर पाहतात. ते असेल तर टेक्नेशियमवर बनणारी औषधं भलत्याच अवयवात जाऊन बसू शकतात. मला ही दुसरी तपासणी जास्त आवडते: गाळणीच गाळलेल्या पाण्यात उतरली नाही ना, याची खात्री!

ॲल्युमिनाची एक मोठी मर्यादा भारताला जाणवली. एक ग्रॅम भुकटी फार तर वीसेक मिलिग्रॅम मॉलिब्डेनम धरते. युरेनियमच्या विखंडनातून, म्हणजे त्याचे अणू फुटून, मिळणाऱ्या मॉलिब्डेनममध्ये किरणोत्सारी भागाचं प्रमाण खूपच जास्त असतं, त्यामुळे दोनेक ग्रॅम भुकटी पुरते. पण साधं मॉलिब्डेनम अणुभट्टीत ठेवून बनवलं, तर त्यातला अगदी थोडा भागच किरणोत्सारी होतो, आणि उरलेलं निरुपयोगी मॉलिब्डेनमही नळीत जागा अडवतं. नळी मोठी करावी तर सलाइन जास्त लागतं आणि टेक्नेशियम पातळ होतं. म्हणून आपल्याकडे अनेक वर्षं दुसरीच वाट धरली गेली: मिथाइल इथाइल कीटोन हे द्रावक मॉलिब्डेनमच्या द्रावणात ढवळायचं, टेक्नेशियम त्यात ओढून घ्यायचं, मग द्रावक उडवून टाकायचं. कटकटीचं काम, पण देशातल्या अणुभट्टीतल्या मालावर चालणारं. ॲल्युमिनाच्या नळीचे जनरेटर नवी मुंबईच्या बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीने पुरवायला घेतले ते पुष्कळ नंतर.